रेशनचं आधी, कणगीतलं नंतर

मोखाडा तालुक्यात पाड्यावर अंगणवाडी चालवते. मुलांची वजनं घ्यायला घरोघरी फिरताना नजर चुलीकडे जातेच. एकाच रेशन दुकानातून सारखंच धान्य उचलणारी दोन घरं असतात. आषाढात एका घरी दोन्ही वेळा भात रटरटतो, दुसऱ्या घरी पातळ पेज. आधी रेशनचं संपवलं की कणगीत साठवलेलं घरचं, एवढाच फरक.

पहिल्यांदा हिशेब करा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय कार्डाला घरटी 35 किलो. 2023 पासून ते फुकट आहे. पण 5 किलो म्हणजे दिवसाला 170 ग्रॅमसुद्धा पडत नाही, आणि आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेला माणूस अर्धा किलो तांदूळ सहज खातो. लहानमोठ्या सहा माणसांच्या घरात 30 किलो बारा-पंधरा दिवस चालतं. उरलेला महिना कणगीने काढायचा असतो.

मग कार्डावरची नावं मोजा. प्राधान्य कार्डावर एक नाव राहिलं की वर्षाचे 60 किलो गेले. सून आली की माहेरच्या कार्डातून नाव काढून सासरी चढवायचं, बाळाचा जन्मदाखला मिळाला की तहसीलचा फेरा मारायचा. लेकरू तीन वर्षांचं झालं तरी कार्डावर नाही, अशी घरं माझ्या वहीत कायम सापडतात. वीटभट्टीवर बोटं झिजलेल्यांचा अंगठा दुकानातलं मशीन घेत नाही. अशा वेळी कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी लावा, रिकाम्या पिशवीने परत फिरू नका. पावती मागा. माझ्याच घरी एकदा पावती 30 किलोची आणि गोणी 27 ची निघाली. तेव्हापासून ताणकाटा पिशवीत असतो.

आता खरं काम घरात. रेशनचा तांदूळ साल काढून पॉलिश केलेला असतो, आमच्या दमट हवेत त्याला लवकर सोंडे लागतात. घरचं भात साळीसकट ठेवलं तर वर्ष काढतं, आणि नागली, म्हणजे नाचणी, तर कैक वर्षं टिकते, तिला कीड सहसा शिवत नाही. म्हणून रेशन ज्या महिन्यात आलं त्याच महिन्यात शिजवून संपवा. गडबड होते ती झोडणीनंतर. नवं भात अंगणात आलं की हात सैल होतो. नव्याची चव गोड, म्हणून रेशनची गोणी कोपऱ्यात पडते आणि एक दिवस कुणाला तरी विकली जाते. ते बेकायदा आहे, आणि वेडेपणाही. चार दिवस नवं खा, मग कणगी शेणाने लिंपून तोंड बंद करा आणि होळीपर्यंत रेशनला आधी हात घाला. सासूबाई कणगीवर कोळशाने रेघ मारायच्या, चैत्रात धान्य इथवर दिसलं पाहिजे म्हणून. मीही मारते. नवरा हसतो, पण रेघ पुसत नाही.

दिवाळीला व्यापारी वरईसाठी दारात येतो. शहरात तीच उपासाची भगर. सगळी देऊ नका, बियाण्याची वरई आणि नागली आधी बाजूला काढा. रेशनमुळे तांदळाचे जे पैसे वाचतात ते डाळीत आणि तेलात घाला. नुसत्या भातावरच्या मुलाचा वजनाचा आलेख आडवा चालतो, मी दर महिन्याला बघते. आणि मुलांना नागलीची काळी भाकर नको असते हे खरं, पण ती सवय आपणच मोडली.

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे, पांढरट दिसतात. बाया प्लास्टिक म्हणून निवडून फेकत होत्या. ते लोह, फोलिक अॅसिड आणि बी-12 घातलेले दाणे, शंभरात साधारण एक. तांदूळ चोळून चोळून धुवू नका आणि पेज ओतून देऊ नका.

गरोदर आणि स्तनदा बायांना 2015 पासून अमृत आहार योजनेत एक वेळचं ताट मिळतं. ते अंगणवाडीत बसूनच खा. डबा घरी नेला की चार तोंडांत वाटला जातो. आणि सासवांना हात जोडून सांगते, तिकडे जेवली म्हणून तिची रात्रीची भाकर कमी करू नका.

दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला भिवंडी-वसईकडे निघताना आख्खं घर जात नाही, म्हातारी मागे राहते. तुमच्या वाटणीचं रेशन तिकडच्या दुकानात अंगठा लावून उचला, तिचं इथेच राहू द्या. गेल्या वर्षी एका घराने सगळंच भट्टीवर उचललं. म्हातारीने माघातच कणगी फोडली, आणि होळीला पोरं परतली तेव्हा नागलीच्या बियाण्याचं मडकंही रिकामं होतं.