कॅफेसाठी गाळा बघताय? आधी मंगळवारचं दूध मोजा

पुण्यात कॅफे काढायला निघालेली मुलं-मुली मला नेहमी एकच विचारतात, "काका, एरिया कुठला घेऊ?" माझी लाइन दूध, क्रीम, बटर आणि चीजची. पहाटे टेम्पो निघतो तो कर्वेनगर, कोथरूड, प्रभात रोड, डेक्कन, पेठा करत औंध-बाणेरला जातो. गिऱ्हाइकांत अर्धे कॅफेवाले. कुठला कॅफे खरंच चालतोय आणि कुठला नुसता दिसायला भरलेला आहे, हे मला बरेचदा मालकाच्या आधी कळतं. त्याचं दूध माझ्या वहीत लिहिलेलं असतं ना.

तर पहिलं काम. माझ्या एका क्रेटमध्ये अर्ध्या लिटरच्या २४ पिशव्या बसतात, म्हणजे १२ लिटर. कॅपुचिनोला साधारण दीडशे मिली दूध धरा, कोल्ड कॉफीला दोनशे. सांडलवंड, नासलेलं, स्टाफचा चहा वजा केला की एका क्रेटमागे साठ-सत्तर कप निघतात. आता ज्या गल्लीत गाळा घ्यायचाय तिथल्या चालू कॅफेसमोर सकाळी साडेसहाच्या आत जाऊन उभे राहा. शटर खाली असतं आणि पायरीवर आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट एकावर एक ठेवलेले असतात. भरलेले उतरवले की रिकामे आम्ही उचलतो. त्याआधी ते मोजून घ्या.

रविवारी सकाळी मोजाल तर शनिवारचा धंदा दिसेल. शनिवारी सगळ्यांचाच बरा असतो. बुधवारी सकाळी जा, म्हणजे मंगळवारचा दिसेल. शनिवारचे चार आणि मंगळवारचा एक असेल, तर तो एरिया बाहेरून फिरायला येणाऱ्यांचा. शनिवारचे तीन आणि मंगळवारचे दोन असतील, तर आसपास राहणारी माणसं येतायत. भाडं मंगळवारचंही द्यावं लागतं, म्हणून मी दुसऱ्या गल्लीला मत देतो. कॅफेच्या मोठ्या साखळ्यांना हा हिशेब लावू नका, त्यांचा माल गोदामातून येतो. आणि क्रेट दिसलेच नाहीत तर दूधवाल्याला चहा पाजा. आम्ही स्वतःचा धंदा कुणाला सांगत नाही, दुसऱ्याचा सांगायला आमची काही हरकत नसते.

मग रस्त्यावर बसा. सकाळी आठ ते दहा, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री आठनंतर, आणि आठवड्यातले मधले वार धरून. गाड्या मोजू नका. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता, दोन्ही वन-वे. गाडीवरून पुढे निघून गेलेला माणूस तुमची पाटी बघून वळसा घालून परत येत नाही. हातात भाजीची पिशवी किंवा कुत्र्याचा पट्टा असलेला एक माणूस, दुचाकीवरून जाणाऱ्या पन्नास जणांना भारी आहे. तो उद्या परत त्याच वेळी येणार असतो.

आता एरियांबद्दल, माझ्या वहीतून जेवढं दिसतं तेवढं.

फर्ग्युसन रस्त्यावरची गर्दी बघून नव्या माणसाचे डोळे फिरतात. ती गर्दी वैशाली-रूपाली या जुन्या हॉटेलांची आहे, गुडलक कॅफेची आहे. गुडलक १९३५ पासून तिथे आहे, त्याच्या नावानं चौक ओळखतात. त्याच्या बन-मस्क्याशी भावात टक्कर घेणं तुमच्या भाड्याला परवडणार नाही. उरलेली गर्दी कपडे घ्यायला आलेली पोरं. खिशातल्या पाचशेपैकी चारशे टी-शर्टला जातात आणि शंभरात दोघं काहीतरी खातात.

सदाशिव पेठेत एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिका आहेत. ही मुलं रोज येतात, दिवसातून तीनदा येतात, पण एकेक रुपया मोजून. दोनशेची कॅपुचिनो तिथे चालणार नाही. चाळीसची फिल्टर कॉफी, उभ्यानं, पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत चालेल, अमृततुल्यवाल्याच्या शेजारीसुद्धा. पेठांमध्ये गाडी लावायला जागा नाही आणि गणपतीत रस्ते बंद. विसर्जनाच्या दिवशी माझा टेम्पो लक्ष्मी रस्त्याच्या बराच अलीकडे थांबतो आणि पोरं क्रेट डोक्यावर घेऊन जातात. म्हणजे नेमक्या धंद्याच्या दिवसांत माल आदल्या रात्री भरून ठेवायला फ्रिजमध्ये जागा हवी.

कोथरूडला नवी मुलं नाक मुरडतात. "काका, तिथे सगळे म्हातारे." अहो, मग तेच तर पाहिजेत! सकाळच्या चालण्यानंतर चौघं-पाचजण बसतात, भाव आठ वेळा विचारतात आणि वर्षानुवर्षं येतात. पण कोथरूडची खरी मेख वेगळी आहे, ती म्हणजे क्लास. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, जिकडे बघाल तिकडे पहिल्या मजल्यावर भरतनाट्यम, अबॅकस, बुद्धिबळ, गणिताचा क्लास. मुलाला सोडलं की आईला दीड तास कुठे जायचं हा प्रश्न असतो. घरी जाऊन परत येण्यात अर्थ नसतो. ती गाडीत बसून मोबाइल बघते. अशा इमारतीच्या खाली किंवा समोर गाळा मिळाला तर संध्याकाळी पाच ते आठ तुमची टेबलं जाहिरातीशिवाय भरतात, आणि तीही आठवड्याच्या मधल्या वारांना. माझ्याकडून मंगळवारी आणि शनिवारी जवळजवळ सारखंच दूध घेणारा एक कॅफे अशाच जिन्याखाली आहे. गाळा लहान, बाहेरून ओळखूही येत नाही. बघायचं एवढंच, की क्लास स्वतःच्या जागेत आहे की भाड्याच्या. भाड्याचा असेल तर तो उठला की तुमची संध्याकाळही उठली.

कॉलेजच्या दारातला गाळा घेताना कॅलेंडर काढा. दिवाळी, परीक्षा, मे महिना, निकालापर्यंतचा जून. वर्षाचा धंदा नऊच महिने धरा आणि त्यातून बारा महिन्यांचं भाडं निघतं का ते बघा. त्यातून शेजारी सिगारेटची टपरी असेल तर पोरं चहा तिथेच पितात आणि तुमच्याकडे वॉशरूमला येतात.

बाणेर-बालेवाडी. बालेवाडी हाय स्ट्रीट शनिवारी रात्री बघा आणि मंगळवारी दुपारी बघा, मग बोलू. तिथे पैसा आहे हे खरं. पण नवी पाटी लागली की सगळे तिकडे जातात, पुढच्या महिन्यात तिसरीकडे. नव्याचे नऊ दिवस हे तिथे अगदी शब्दशः लागू होतं. माझी थकलेली उधारी सगळ्यात जास्त याच पट्ट्यात आहे. जायचंच असेल तर मुख्य रस्ता सोडून सोसायट्यांच्या आतल्या बाजूला, किराणा दुकान आणि दवाखान्याच्या रांगेत बघा. पाण्याचंही विचारून घ्या. त्या भागात कित्येक सोसायट्या टँकरवर आहेत. उन्हाळ्यात टँकरचा वाटा कोण भरणार हे आधी लिहून घेतलेलं बरं.

हिंजवडीत शनिवार-रविवार मेल्यासारखे असतात. बऱ्याच कंपन्यांत घरून कामाचे दिवस असल्यामुळे सोमवार-शुक्रवारही ढिले जातात. कोरेगाव पार्क माझ्या लाइनवर नाही, त्याबद्दल बोलत नाही.

प्रभात रोड आणि भांडारकर रोडवर सगळ्यांचा जीव अडकतो. जुना बंगला, अंगणात झाड, झाडाखाली चार टेबलं. लॅपटॉपवाले एका कॉफीवर तीन तास बसतात, ते एक सोडा. खरी गोष्ट अशी की त्या भागात जुन्या इमारती आणि बंगले पुनर्विकासाला निघालेत. तुम्ही पंधरा-वीस लाखांचं इंटिरियर करायचं आणि दीड वर्षात बिल्डरशी करार झाला म्हणून जागा सोडायची, हे मी होताना पाहिलंय. तुमचा बंगला राहिला तरी शेजारचा पडतो, मग दोन-तीन वर्षं धूळ, ड्रिलचा आवाज आणि दारात सिमेंटचा मिक्सर. म्हणून डावीकडच्या, उजवीकडच्या आणि समोरच्या इमारतींचं काय चाललंय हे वॉचमनला विचारा. ब्रोकर सांगणार नाही.

रस्त्याचंही तसंच. पौड रस्त्यावर वनाझच्या पुढे चांदणी चौकापर्यंतच्या मेट्रोला केंद्रानं २०२५ च्या जूनमध्ये मंजुरी दिली. मेट्रो झाली की सोनं, असं ब्रोकर म्हणेल. होईपर्यंत दारासमोर बॅरिकेड असेल, हे तो म्हणणार नाही. गणेशखिंड रस्त्यावरच्या दुकानदारांना विचारा काय काय सोसलं ते. आणि पूल झाल्यावर गिऱ्हाईक वरून निघून जातं. नळ स्टॉपच्या दुमजली पुलाखाली उभं राहून बघा, खालची पाटी कुणाला दिसते ते.

गाळा बघताना माणसं हमखास फसतात ती पुढच्या मोकळ्या जागेला. ओनर म्हणतो, "आत चारशे फूट, बाहेर अडीचशे फ्री." ती बाहेरची जागा म्हणजे इमारतीचा फ्रंट मार्जिन, नियमानं पुढे मोकळी सोडलेली जागा. तिथे टेबलं टाकायला, शेड घालायला सहसा महापालिकेची परवानगी नसते आणि पथक आलं की खुर्च्या-टेबलं-छत्र्या ट्रकमध्ये जातात. साइड मार्जिनचं आणि गच्चीचंही बहुतेक तेच. म्हणून आतल्या चारशे फुटांत किती खुर्च्या बसतात तेवढ्यावरच गणित मांडा. बाहेरचं भाडं आत मिसळून मागत असेल तर तसं तोंडावर सांगा, भाव उतरतो.

गणित असं. भाडं ८०,००० समजा. ते विक्रीच्या १५ टक्क्यांच्या आत राहावं असा कॅफेवाल्यांचा साधारण अंदाज असतो. म्हणजे महिन्याला सव्वापाच लाखांच्या वर, दिवसाला अठरा हजारांच्या आसपास विक्री हवी. माणशी दोनशे धरले तर रोज नव्वद माणसं. आता भाड्यावर १८ टक्के जीएसटी घाला. तुम्ही रेस्टॉरंट म्हणून ५ टक्के जीएसटीत असाल तर भाड्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होत नाही, पूर्ण तुमच्या खिशातून जातो. ओनरची जीएसटी नोंदणी नसली तरी सुटका नाही. ऑक्टोबर २०२४ पासून तशा ठिकाणी नोंदणी असलेल्या भाडेकरूनंच तो भरायचा असतो. तुम्ही कुठल्या योजनेत बसता ते सीएला विचारा. पण ८०,००० चे ९४,४०० झाले की नव्वदच्या जागी रोज १०५ माणसं लागतात. चोवीस खुर्च्यांच्या कॅफेत म्हणजे प्रत्येक खुर्चीवर रोज चार-साडेचार माणसं, मंगळवारीसुद्धा. त्या गल्लीतल्या पायरीवरचे क्रेट एवढी माणसं दाखवतायत का?

लाइटचं बघा. जुन्या गाळ्यात सिंगल फेज असतो. दोन ग्रुपचं, म्हणजे एका वेळी दोन जागी कॉफी काढणारं मशीन एकटंच तीन-चार किलोवॅट ओढतं, वर एसी, ओव्हन, फ्रिज. थ्री फेज आणि वाढीव लोड मिळेल का, हे महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारा. ओनरच्या "होऊन जाईल"वर जाऊ नका. मागच्या वर्षभराची बिलं मागून घ्या. युनिटवरून आधीच्या भाडेकरूचा धंदाही कळतो आणि थकबाकी असेल तर तीही. पश्चिमेला तोंड असलेल्या गाळ्यात मार्च ते मे दुपारी चारला काचेजवळ कुणी बसत नाही, हे नकाशावरच दिसतं. पावसाळ्याचं मात्र शेजाऱ्याला विचारायचं. नदीच्या जवळ, सिंहगड रस्त्याच्या खालच्या भागात जुलै २०२४ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते तिथले दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

सोसायटीकडे दोन गोष्टी स्पष्ट बोला. धुराड्याचा पाइप कुठून वर न्यायचा, आणि अंडं चालेल का. हसू नका. एका ठिकाणी सगळं काम झाल्यावर सेक्रेटरींनी ऑम्लेटला हरकत घेतली आणि मेनूतला सकाळचा निम्मा भाग गेला. सोसायटीच्या ना-हरकत पत्रात (एनओसी) लेखी घ्या.

मग करार. साधारण पाच वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स असतो. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी करार मोडायचा नाही हे बंधन, नुसतं तुम्हाला लावतात, ते ओनरलाही लावून घ्या. पुनर्विकास झाला तर किती महिन्यांची नोटीस आणि इंटिरियरचं काय, हे कलम असल्याशिवाय सही नको. करार नोंदवायची जबाबदारी कायद्यानं ओनरची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. टाळाटाळ करत असेल तर हा आकडा हळूच सांगा.

आणि टोकन द्यायच्या आधी मागचा भाडेकरू गाठा. का सोडलं, हे त्याच्याच तोंडून ऐकायचं. त्याचा नंबर ओनर देणार नाही. शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे असतो.