गुडघ्याखालची उशी

इंटर्नशिप संपवून फिजिओथेरपिस्ट म्हणून पहिल्या नोकरीला लागले तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं हाड नडगीच्या हाडाला बांधणारं लिगामेंट, मला तोंडपाठ होतं. कुठून निघतं, कुठं चिकटतं, ते तुटलंय का हे बघायची लॅकमन टेस्ट कशी करायची, सगळं. पहिल्याच महिन्यात पेडण्याकडचा एक फुटबॉल खेळणारा मुलगा एसीएलच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तर त्याच्या गुडघ्याखाली जाड उशी. "बाय, उशी असली की बरं वाटतं त्याला," आई म्हणाली. उशी रात्रपाळीच्या सिस्टरांनी दिलेली. निवासी डॉक्टर राउंड घेऊन गेले होते, तेही काही बोलले नव्हते. मग मी कालची पोर काय बोलणार? घोट्याचे व्यायाम शिकवले आणि निघाले.

त्याला बरं वाटत होतं हे खोटं नव्हे. सुजलेल्या सांध्यात पाणी साचलेलं असतं आणि गुडघा साधारण ३० अंशांत वाकलेला असला की त्या पाण्याला जास्त जागा मिळते, ताण कमी होतो. पण गुडघा तिथेच आखडतो. सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळला जात नाही, चाल लंगडी राहते, कधीकधी ग्राफ्टच्या, म्हणजे तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेल्या टेंडनच्या, पुढे वणाची गाठ धरते. त्या मुलाचा गुडघा सहाव्या आठवड्यातही पूर्ण सरळ होत नव्हता. वाकणं महिन्या-दोन महिन्यांत येतंच, सरळ होणं मात्र पहिल्या दोन आठवड्यांत हातचं जाऊ द्यायचं नाही, हे पुस्तकात होतं. मी वाचलंही होतं. उशी समोर असताना आठवलं नाही.

नव्यानं या कामात येणाऱ्यांना म्हणून पहिली गोष्ट सांगते: पेशंटला हात लावण्याआधी ऑपरेशनची नोंद वाचा. केस पेपरवर नुसतं 'एसीएल' लिहिलेलं पुरत नाही. ग्राफ्ट कुठला घेतला? हॅमस्ट्रिंगचा असेल तर मांडीच्या मागच्या स्नायूवर सुरुवातीला जोर टाकायचा नाही. वाटीखालच्या टेंडनचा असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणार. रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या पोराला हे आधीच सांगून ठेवावं. आणि मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, शिवला आहे का? शिवला असेल तर पायावर भार किती टाकायचा, गुडघा किती वाकवायचा, सगळं वेळापत्रक बदलतं. नोंदीत नसेल तर सर्जनना विचारा. ते ओरडतील ही भीती मलाही होती. प्रत्यक्षात बहुतेक जण दोन मिनिटांत सांगतात. पोटरी दुखून सुजली तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं, त्यात संकोच नको.

खरा घोटाळा तिसऱ्या महिन्याच्या आसपास होतो. सूज गेलेली, दुखणं नाही, पेशंट खूश. आणि नेमका तेव्हाच ग्राफ्ट कच्चा असतो. बसवला तेव्हा होता त्याहून साधारण सहा ते बारा आठवड्यांत तो कमजोर होतो, मग नव्या रक्तवाहिन्या येऊन हळूहळू पक्का होतो. सत्तरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाला मी तरव्याचं सांगितलं: लावणी केल्यावर रोप आधी मान टाकतं, मग मूळ धरतं, मान टाकलेल्या दिवसांत कोणी शेतात म्हशी सोडत नाही. त्याला पटलं. पुस्तकी 'रिमॉडेलिंग' सांगून कोणाला पटल्याचं आठवत नाही.

गोव्यात प्रश्नही ठरलेले. "स्कूटर कधी?" बिनगिअरच्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असतात, म्हणून पेशंटला वाटतं पायाचं काम नाही. पण सिग्नलला गाडी तोलणारा आणि सेंटर स्टँडवर चढवणारा पायच असतो. "चवथीला पूजेला मांडी घालून बसू का?" मेनिस्कस शिवलेल्याला यंदा पाटाऐवजी खुर्ची, हे मी स्पष्ट सांगते. मग आजीची समजूत काढणं आपल्याच गळ्यात.

आणि "मॅडम, ग्राउंडवर कधी?" फुटबॉल हा इथला राज्य खेळ, भात कापलं की शेतातही गोल उभे राहतात. सहा महिने हा आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो, आपल्यातलेही अनेक तोच सांगून मोकळे होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ओस्लोच्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं जसजसं लांबवलं, तसतसं दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटलेलं दिसलं. तेव्हा किमान नऊ महिने, आणि ताकद व एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के. इथंही एक मेख आहे: इतके महिने न खेळल्यानं चांगला पायही सुकलेला असतो, त्याच्याशी तुलना केली की ९० टक्के लवकर भरतात. शक्य असेल तिथे मी शस्त्रक्रियेआधीच चांगल्या पायाचं माप घेऊन ठेवते.

मी, सिस्टर आणि निवासी डॉक्टर तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या की पेशंट सर्वांत सोपी ऐकतो. म्हणून एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'उशी टाचेखाली, गुडघ्याखाली नाही', आणि खाटेच्या पायथ्याशी चिकटवलं. पहिल्या आठवड्यात तो कागद दोनदा गायब झाला. तिसऱ्या वेळी रात्रपाळीच्या सिस्टरांनीच तो प्लास्टिकमध्ये घालून दोऱ्यानं बांधला.