घरी ब्रेकचं काम करताय? आधी हे वाचा

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावाच, आणि मागच्या ब्रेकचं काम असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा विटा अडकवा.

ब्रेक ऑइल कुठलं ते बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ किंवा डॉट ४, तेच घाला, आणि सील फोडून महिनोन् महिने पडलेली बाटली अजिबात वापरू नका कारण ते हवेतलं पाणी ओढतं. नवीन डॉट ४ किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती हद्द १५५ पर्यंत येऊ शकते, मग घाटात उतरताना वाफ धरते आणि पेडल सरळ खाली जातं. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबरी सील फुगतात.

माझ्या गाडीच्या मडगार्डवर एक थेंब पडला, पुसला नाही, संध्याकाळी बघतो तर तिथला रंग सुरकुतलेला. सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. डोळ्याला चष्मा, हातात ग्लोव्हज हवेतच.

ब्रेकची धूळ फुंकू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढला की होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर परत पहिल्यापासून.

आणि गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, प्लीज.