लाळ गळतेय म्हणून घशात हात घालू नका

गाय लाळ गाळू लागली की गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यात निदान ठरलेलं: घशात काहीतरी अडकलंय. आंब्याचे दिवस असले तर कोय, नाहीतर फणसाची चारखंडं. मग घरातला सर्वांत धीट माणूस बाही सारतो आणि कोपरापर्यंत हात आत घालतो. हल्ली असा फोन आला की मी आधी ओरडतोच, "हात बाहेर काढा!"

वाळपईच्या पलीकडे एका गोठ्यात पोचलो, तोवर तिघांनी आळीपाळीने घसा चाचपून झाला होता. त्यातल्या एकाच्या बोटाला कोयत्याची ताजी जखम. गाय पाण्याला तोंड लावायची, पण गिळणं जमत नव्हतं. मागचे पाय लटपटत होते, ती सारखी कुंथत होती आणि घोगऱ्या, फाटक्या आवाजात हंबरत होती. कोय पक्की अडकली तर पोट फुगतं. आवाज असा बदलत नाही आणि पाय असे जात नाहीत. कुत्रा चावला होता का विचारलं, तर सगळे नाही म्हणाले. मग चुलीपाशी बसलेली आजी बोलली, मागच्या महिन्यात एक पिसाळलेला कुत्रा गुरांमागे लागला होता.

तिघांना नळाखाली उभं करून साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावले आणि तसंच आरोग्य केंद्रात पाठवलं. गाय दोन-तीन दिवसांत गेली. मेंदूच्या तपासणीत रेबीज निघाला.

2021 साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला तेव्हापासून लोक निर्धास्त आहेत. पण सीमेवरच्या कुत्र्यांना फलक वाचता येत नाही. लाळ गाळणाऱ्या गुरापाशी मी आधी लांब उभा राहून आवाज ऐकतो, चाल बघतो, कुत्र्याबद्दल घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारतो आणि हातमोजे घातल्याशिवाय पुढे जात नाही. वेळ लागतो. घाई असेल त्याने दुसरा डॉक्टर बघावा. अशा गाईचं दूध उकळून कोणी प्यायलं असेल तर घाबरू नये, कच्चं प्यायलं असेल तर डॉक्टरांना सांगावं. दूध सोसायटीत मात्र ते घालायचं नाही.

लाळ्या-खुरकुतातही लाळ गळते, म्हणूनच हा घोळ. पण इथे आधी सडकून ताप येतो, 104-105 पर्यंत. मग जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात, कधी सडांवर फोड. जनावर लंगडतं, ओठांचा मचमच आवाज करतं. त्या खुरांवर लोक काय काय ओततात! डिझेल, रॉकेल, एकाने तर बॅटरीचं पाणी. जखम जळते, खूर सुटून येतं आणि मग दोष लसीला. मी तोंड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतो, बोरोग्लिसरीन लावतो, आणि गोठा धुण्याच्या सोड्याच्या 4 टक्के पाण्याने धुवायला सांगतो. आंबोण मऊ द्यायचं. वासरांना आजारी आईचं दूध पाजू नका. विषाणू त्यांच्या हृदयाच्या स्नायूंवर बसतो आणि तोंडात एकही फोड नसताना वासरू उभ्याउभ्या कोसळतं. गाय बरी झाली तरी काही गाई पुढे उन्हात धापा टाकतात, केस वाढतात, दूध पूर्वीवर येत नाही. दर सहा महिन्यांची लस चुकवून वाचवलेला दिवस असा वसूल होतो.

अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. ते जखमेत नंतर शिरणाऱ्या जिवाणूंसाठी असतं, तेही पूर्ण मुदत.

लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या गाठी फोडू नका. माशा, डास, गोचिडी आवरा.

कुत्र्याच्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण म्हणजे पार्वो विषाणूचा आजार समजा. दहीभात थांबवा, सलाइनला न्या. फिनेलने तो विषाणू जात नाही, ब्लीचिंगने जातो. नवं पिल्लू त्याच जागी लगेच आणू नका, हे सांगून माझं तोंड दुखलं.

आणि रानात मेलेलं माकड दिसलं तर काठीनेसुद्धा ढोसू नका. 2015 पासून सत्तरीत माकडताप आहे, गोचिडी चावून माणसाला होणारा. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी नवं अंग शोधत आसपास पसरतात. लांबूनच फिरा आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.