ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांचं विज्ञान

आमच्या बीडकडच्या शाळेत दिवाळी झाली की निम्मा वर्ग आईबापांसोबत ऊसतोडीला जातो, परततो गुढीपाडव्याच्या आसपास. म्हणून आम्ल-आम्लारीचा धडा मी ऑगस्टमध्येच घेतो. पुस्तकाचा क्रम मोडू द्या. आम्ल-आम्लारी ओळखायच्या लिटमस कागदाची वाट बघू नका. हळदीच्या पाण्यात कागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवा. साबणाचं, चुन्याचं पाणी लागलं की लालसर होतात, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळ्या. दहा-दहा पट्ट्या दप्तरात द्या, कोपीवर (ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर) तपासायला. गृहपाठात ‘पालकांना विचारा’ नको. त्यांना अपरात्री गाडी भरायची असते. त्यापेक्षा विचारा, तोडलेला ऊस फडात (उसाच्या शेतात) पडून राहिला तर काय होतं? वजन घटतं, साखर उतरते. हे गुरुजींच्या पोराला (म्हणजे माझ्याच) आलं नव्हतं.