स्टोनहेवनला जाल तर डनॉटर पायी गाठा

स्कॉटलंडात ॲबर्डीनला मुलांकडे निघालेले साताऱ्याचे आईवडील भेटले की मी सांगते, एक अख्खा दिवस स्टोनहेवन आणि तिथल्या डनॉटर किल्ल्यासाठी ठेवा. ॲबर्डीनहून दक्षिणेला आगगाडीनं फार तर वीस मिनिटं.

छत्री नेऊ नका, तिथला वारा ती उलटी करतो. टोपीचं जाकीट आणि तळ घट्ट धरणारे बूट घ्या. जाण्याआधी किल्ला उघडा आहे ना, हे बघाच. हवा बिघडली की बंद ठेवतात. आम्ही पहिल्या खेपेला न बघता गेलो आणि दारातून परतलो.

सुरुवात बंदरावरच्या टोलबूथपासून करा. आता तिथं छोटं संग्रहालय आहे, पूर्वी तुरुंग होता. 1748-49 च्या हिवाळ्यात तीन धर्मगुरू इथं कोंडले होते. कोळिणी मासळीच्या टोपल्यांतून तान्ही बाळं आणायच्या आणि खिडकीच्या गजांतून त्यांचा बाप्तिस्मा करून घ्यायच्या. त्या खिडकीखाली मी बराच वेळ उभी होते.

तिथून कड्यावरची पायवाट धरा. वाटेत टेकडीवर युद्धस्मारक लागतं. ते मुद्दाम अर्धवट देवळासारखं बांधलंय, अर्ध्यात तुटलेल्या आयुष्यांसाठी. मला आपल्या सैनिकांच्या गावाची, अपशिंगे मिलिटरीची आठवण झाली. बंदरापासून किल्ला तीनेक किलोमीटर. वाटेच्या एका वळणावर तो अचानक समोर येतो, तिन्ही बाजूंनी समुद्र आणि खाली पन्नास मीटरचा कडा.

अजिंक्यताऱ्यावर गाडी जाते, इथं नाही. आधी पायऱ्यांनी जवळजवळ किनाऱ्यापर्यंत उतरायचं आणि मग दरवाजातून वर चढायचं. गुडघे दुखत असतील तर कड्यावरूनच बघा, तेही पुष्कळ आहे.

आत व्हिग्ज व्हॉल्ट चुकवू नका. 1685 मध्ये धर्मावरून पकडलेले 122 पुरुष आणि 45 बायका या तळघरात डांबल्या होत्या.

पण डनॉटरचं खरं मोल राजमुकुटाच्या गोष्टीत आहे. इंग्लंडचा सेनानी क्रॉमवेल याचं सैन्य आलं, तेव्हा स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार इथं दडवली होती. मूठभर शिबंदीनं आठ महिने वेढा सोसला. 1700 साली प्रयागजी प्रभूंनी साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाविरुद्ध महिनोन्‌महिने लढवला, ते ऐकत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही. 1652 च्या मे महिन्यात किल्ला पडला, पण शत्रूच्या हाती मुकुट लागला नाही. किनेफ गावच्या धर्मगुरूची बायको, ख्रिश्चन फ्लेचर, हिनं तो ओटीत लपवून वेढ्यातून बाहेर काढला, असं सांगतात. कड्यावरून दोरानं खाली सोडला, अशीही एक हकिकत आहे. पुढे 1660 पर्यंत तो किनेफच्या चर्चच्या जमिनीखाली पुरलेला होता. आज एडिंबराच्या किल्ल्यात बघायला मिळतो.

मे-जूनमध्ये गेलात तर दक्षिणेला फाउल्सह्यूच्या कड्यांवर हजारो समुद्रपक्षी घरटी करून असतात. ऑगस्टपर्यंत बहुतेक उडून जातात. नातू बरोबर असेल तर गावात परतल्यावर त्याला सांगा, हवेच्या टायरचं पहिलं पेटंट घेणारा आर. डब्ल्यू. थॉमसन इथलाच.

गाडी असेल तर किनेफला जाच. आताची इमारत 1738 ची, पण जागा तीच. चर्च एक विश्वस्त संस्था सांभाळते, तेव्हा निघताना दानपेटीत काहीतरी टाका.