थेरपिस्टची वेबसाइट नव्याने करताय? या चुका टाळा

गेली सातआठ वर्षं मी छोट्या क्लिनिकांच्या वेबसाइट करते, त्यात समुपदेशक आणि सायकॉलॉजिस्ट बरेच. रीडिझाइनसाठी फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साइट जरा जुनाट वाटतेय, काहीतरी शांत रंग द्या ना." शांत रंग म्हणजे फिका पिस्ता नाहीतर लव्हेंडर, आणि त्यावर करड्या रंगात बारीक अक्षरं. म्हणजे ज्याला तीन रात्री झोप नाही त्याने मोबाइल नाकाला लावून वाचायचं. अक्षर आणि मागचा रंग यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, हवा, फुकट तपासून मिळतो, तपासा आणि रंगाचा विषय संपवा. खरी भानगड फॉर्मची असते.

फॉर्म भरला, पण गेला कुठे?

ठाण्यात दोन थेरपिस्ट मैत्रिणी मिळून प्रॅक्टिस करायच्या, रिसेप्शनला एक मुलगी. चार महिन्यांपूर्वी कोणीतरी साइट 'एकदम नवीन' करून दिली होती आणि तेव्हापासून वेबसाइटवरून एकही चौकशी नाही. त्यांना वाटत होतं डिझाइन चुकलं. मी म्हटलं, डिझाइनने चौकशा कमी होतील, शून्य कशा होतील? म्हणून आधी मीच फॉर्म भरला. हिरवी बरोबरची खूण आली, "धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू." त्यांच्याकडे मेल काही आली नाही, स्पॅममध्येही नाही. मग वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट ज्या सॉफ्टवेअरवर चालते त्याच्या, आत जाऊन बघितलं तर फॉर्मच्या प्लगइनने (फॉर्म चालवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरने) सगळं साठवून ठेवलेलं, एकूण एकेचाळीस मेसेज. त्यातले बावीस 'तुमची साइट गुगलवर पहिली आणून देतो' वाले. उरलेली एकोणीस खरी माणसं. मी दोन उघडले आणि थांबले, कारण ते मी वाचायचेच नव्हते, पण दुसऱ्याची सुरुवातच अशी होती की "मागच्या महिन्यात एकदा लिहिलं होतं, तुम्हाला वेळ नसेल कदाचित." त्या दोघींना हे सांगताना मलाच कसंतरी झालं. त्यांनी संध्याकाळपर्यंत बसून एकोणीसही जणांना स्वतः उत्तरं लिहिली, किती जण परत आले ते मी विचारलं नाही.

कारण अगदी फालतू होतं. फॉर्म मेल पाठवताना 'प्रेषक' म्हणून भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता लावत होता. आता मेल निघतेय तुमची साइट जिथे ठेवलीय त्या होस्टिंगवरून आणि नाव लावतेय जीमेलचं, मग समोरचा मेलबॉक्स म्हणणारच की ही बनावट आहे, आणि फेकून देणार. प्रेषक तुमच्या स्वतःच्या डोमेनचा (साइटच्या नावाचा) ठेवायचा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय टू'मध्ये टाकायचा आणि मेल नीट एसएमटीपीने, म्हणजे लॉगिन करून मेल सर्व्हरमार्फत, पाठवायची, अर्ध्या तासाचं काम आहे. पण डेमो दाखवून पैसे घेऊन मोकळं व्हायची घाई असते ना. दोन दिवसांत वेबसाइट करून देणाऱ्यांबद्दल मी जास्त बोलत नाही, बोलले की बीपी वाढतं.

माझी सवय सांगते. दर महिन्याच्या १ तारखेला सगळ्या क्लायंटच्या साइटवरचा फॉर्म मी स्वतःच्या मोबाइलवरून भरते, नाव 'टेस्ट पहिली तारीख'. संध्याकाळपर्यंत "मिळाला" असा मेसेज आला नाही तर फोन करते. यापेक्षा हुशार पद्धती आहेत, मला हीच जमते.

आणि त्या फॉर्ममध्ये विचारता काय ते बघा. "आपली समस्या सविस्तर लिहा", वर लाल चांदणी, म्हणजे लिहिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही! कोणाला लिहायचं? रिसेप्शनच्या मुलीला? तीन जणांत वापरल्या जाणाऱ्या जीमेलला? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क वेगळा लिहिलेला आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याचा सूरही हाच की ज्या कामासाठी माहिती घेता तेवढीच घ्या. मी चार गोष्टी ठेवते: नाव (टोपणनाव चालेल असं शेजारी लिहून), फोन किंवा ईमेल, कधी फोन करू, आणि "फोन दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू?" हा शेवटचा प्रश्न मला एका क्लायंटनेच सुचवला. घरात फोन सासूबाईंच्या हाताशी असतो, "क्लिनिकमधून बोलतेय" म्हटलं तरी पुढचं महाभारत होतं. अपॉइंटमेंटच्या एसएमएसमध्येही 'थेरपी', 'डिप्रेशन' असले शब्द नकोत, लॉक स्क्रीनवर दिसतात ते.

याच खात्यात मोडणारी अजून एक गोष्ट: फेसबुकचं पिक्सेल, म्हणजे साइटवर कोण आलं ते फेसबुकला कळवणारा कोड. "जाहिरात करायची आहे, टाकून ठेवा" म्हणतात आणि तो कोड फॉर्मच्या पानावरही जाऊन बसतो. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी कंपनीवर नेमकं हेच शेकलं, लोकांची आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये तिथल्या एफटीसीशी (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) ७८ लाख डॉलरवर मिटवावं लागलं. तुम्ही एवढे मोठे नाही, मान्य, पण तुमच्याकडे येणारा माणूस तोच आहे.

'फीसाठी संपर्क करा'

करत नाही हो कोणी संपर्क. आधीच मनाची तयारी करून माणूस साइटवर आलाय, त्यात फी विचारायला फोन करायचा म्हणजे परवडलं नाही तर नाही म्हणायची लाज वेगळीच. एका सेशनचे किती, किती मिनिटांचं, ऑनलाइनला तेवढेच का, ऐनवेळी रद्द केलं तर काय, सरळ आकडे लिहा. "लोक आकडा बघून पळतील" असं मला दर वेळी ऐकवलं जातं. पळू दे ना, ते फोनवर ऐकूनही पळणारच होते. काही जागा कमी फीच्या ठेवल्या असतील तर तेही तिथेच लिहा, नंतर हळूच सांगायची गोष्ट नाही ती.

मराठी पान मशीनने केलेलं

एका साइटवर बटण होतं, 'आता पुस्तक'. 'बुक नाउ'चं झालं होतं ते. हसून घ्या, पण ज्या बाईला इंग्रजी नको म्हणून ती मराठी पानावर आली तिला काय कळलं? दुसऱ्या टोकाला स्वतः थेरपिस्ट लिहितात तेव्हा 'सर्वंकष मनोसामाजिक हस्तक्षेप', खाली सीबीटी, डीबीटी, ईएमडीआर अशी थेरपीच्या प्रकारांची एबीसीडी. लोक गुगलवर काय टाइप करतात? 'छातीत धडधड होते', 'सारखं रडू येतं', 'मुलगा खोलीबाहेर येत नाही'. तसं लिहा. मी थेरपिस्टला म्हणते, तुमच्या मावशीला फोनवर समजावताय असं बोला, मी रेकॉर्ड करते आणि मग त्याचंच पान करते. आणि अक्षरं जुन्या श्रीलिपी-बिपी फॉन्टमधून चिकटवू नका, युनिकोडच हवं, नाहीतर गुगललाही वाचता येत नाही आणि अंध माणसाच्या फोनलाही.

पहिल्या दिवशी काय होणार हेही लिहा. कुठल्या जिन्याने वर यायचं, खाली बोर्डवर काय लिहिलंय, आत किती लोक बसलेले असतात, फॉर्म भरावा लागतो का. सर्वात जास्त भीती याचीच असते आणि सर्वात कमी साइटवर हे असतं.

आता बाकीचं पटापट.

डोकं धरून बसलेल्या गोऱ्या बाईचा फोटो काढा, एकावर एक दगडही काढा. तुमचा स्वतःचा साधा फोटो आणि दाराचा एक.

तुम्ही कोण आहात ते स्पष्ट असू द्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक टाका. पीएचडीचे 'डॉ.' असाल तर 'मी औषधं लिहून देत नाही' हे वाक्यही टाका, लोकांना खरंच माहीत नसतं.

तुमच्याकडे सध्या थेरपीला येणाऱ्या माणसाकडून 'मॅडममुळे आयुष्य बदललं' लिहून घेऊ नका. तुम्ही मागितल्यावर तो नाही कसा म्हणेल?

टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ प्रत्येक पानाच्या तळाशी हवा, सरकारी आहे, २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. शेजारी आणीबाणीचा ११२. पण फोटोत लिहून नाही, टॅप केल्यावर डायल झाला पाहिजे.

जुन्या पानांचे पत्ते बदलले तर रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता टाकला तरी नवं पान उघडेल, तुमचं व्हिजिटिंग कार्ड कोणाच्या तरी पाकिटात दोन वर्षं पडलेलं असतं.

वर्डप्रेसमध्ये 'सर्च इंजिनांना साइट दाखवू नका' ही खूण काम चालू असताना करतात आणि काढायला विसरतात. मीही एकदा विसरलेय, अकरा दिवस.

आणि ती बासरी. साइट उघडली की आपोआप बासरी वाजते, 'वातावरणनिर्मिती' म्हणे. रात्री साडेअकराला शेजारी नवरा झोपलेला असताना कोणी साइट उघडली आणि फुल व्हॉल्यूमवर बासरी सुरू झाली, की ती साइट परत उघडत नाही कोणी. मी एकांची काढून टाकली तर मॅडम नाराज झाल्या, म्हणाल्या लोकांना तेवढंच तर आवडायचं. कुठल्या लोकांना, असं विचारलं. तर म्हणे, माझ्या बहिणीला.